पहिली स्पोर्ट बाईक कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट बाईक घ्यायची हे मनाने कधीच ठरवलेलं असतं, अडतं ते कोणती घ्यायची यावर. पहिल्यांदा घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच कसोटी आहे: जिची बहुतेक ताकद तुम्ही पहिल्या वर्षातच कामात आणू शकाल आणि जिच्यावर हाताची चूक झाली तर सावरायला वेळ मिळेल, ती तुमची पहिली गाडी.

स्पोर्ट बाईक म्हणजे नेमकं काय? फेअरिंग असलं की झाली का?

फेअरिंग, म्हणजे गाडीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, हा फक्त वरचा पेहराव. खरी ओळख बसण्यात आहे. हँडल खाली आणि अरुंद, फूटरेस्ट मागे आणि उंच, अंग टाकीवर झुकलेलं, त्यामुळे पुढच्या चाकावर वजन जास्त. सस्पेन्शन कडक, दोन चाकांमधलं अंतर कमी, पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, उभट. या सगळ्यामुळे गाडी चटकन वळते आणि वळणात झोपवली तरी मन घट्ट राहतं.

पण एकाच कंपनीच्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या आतून फार वेगळ्या असू शकतात. यामाहाची आर३ आणि आर६ शेजारी शेजारी उभ्या करा. वजनात साधारण २० किलोंचा फरक. ताकद मात्र एकीची ४२ हॉर्सपॉवर आणि दुसरीची सुमारे ११७. दिसण्यावरून निवडलं तर हा फरक थेट रस्त्यावर कळतो, आणि तिथे तो कळू नये.

ढोबळ चार घराणी धरा. १५० ते २०० सीसीच्या लहान गाड्या. ३०० ते ५०० सीसीच्या एक किंवा दोन सिलिंडरच्या. ६५० ते ७०० सीसीच्या दोन सिलिंडरच्या. आणि शेवटी ६०० सीसी चार सिलिंडरच्या सुपरस्पोर्ट व त्यांच्या वरच्या लिटर क्लास, म्हणजे १००० सीसीच्या. शेवटचं घराणं पहिल्या गाडीसाठी नाही.

६०० सीसी तर मधली झाली. तिथूनच सुरुवात का नको?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि घोटाळा 'सीसी'चा आकडा पाहण्यातून होतो. ६५० सीसीची दोन सिलिंडरची गाडी, उदाहरणार्थ कावासाकी निंजा ६५०, सुमारे ६८ हॉर्सपॉवर देते आणि ती खालच्या आरपीएमपासून सरळ, समजेल अशी वाढत जाते. ६०० सीसीची चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट तिच्यापेक्षा हलकी असूनही जवळजवळ पावणेदोन पट ताकदीची. ही गाडी शर्यतीचे नियम समोर ठेवून बनवलेली आहे. नंबर प्लेट आणि आरसे तिला नंतर लागले.

तिचा स्वभाव नवख्याला फसवतो. सहा-सात हजार आरपीएमपर्यंत ती शांत, गरीब वाटते. चालवणाऱ्याला वाटतं, उगाच घाबरवलं लोकांनी. मग एके दिवशी ओव्हरटेक करताना काटा दहा हजारांच्या पुढे जातो आणि गाडी एकदम सुटते. पहिल्याच गिअरमध्ये ती १०० किमीच्या पुढे जाते, म्हणजे गिअर बदलायच्या आधीच वेगाची चूक होऊन गेलेली असते.

ब्रेकचंही तसंच. शर्यतीच्या धाटणीचे पुढचे ब्रेक दोन बोटांच्या हलक्या दाबाने कडक लागतात. घाबरलेला माणूस मात्र हलकं दाबत नाही, तो मूठ आवळतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, इतका हळवा की खड्ड्यात मनगट हललं तरी गाडी धक्का देते. तो धक्का वळणाच्या मध्यावर बसला तर टायरची पकड मागायला उरत नाही.

वळणात जरा जास्त वेगाने शिरणं, मग घाबरून थ्रॉटल सोडणं, वर ब्रेक दाबणं आणि जिकडे जायचं नाही तिकडेच टक लावून बघणं, ही शिकणाऱ्या प्रत्येकाची चूक आहे. ती होणारच. ४०० सीसीवर ती ज्या वेगात होते त्यात बहुतेक वेळा सावरता येतं. वेग दुप्पट झाला की अंगातली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर त्याच हिशेबाने वाढतं. धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद धरा, ताशी ६० किमीला तेवढ्यात साधारण १७ मीटर मागे पडतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सरावलेल्या हाताने ब्रेक लावले तर आणखी १८ मीटर. म्हणजे धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत ३५ मीटर. ताशी १०० किमीला हेच अंतर ७५ मीटरच्या पुढे जातं. नवशिक्या हाताला दोन्हीकडे याहून जास्तच लागतं.

मी जपून चालवणारा आहे. मोठी गाडी घेऊन हळू चालवली तर?

स्वभावाने जपून चालवणं ही मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखू नका. पण अपघात बहुतेक वेळा बेफामपणे पळवताना होतात, हा समज खरा नाही.

मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासात 'हर्ट रिपोर्ट' आजही वाचला जातो. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल आला. त्यात अपघाताआधीचा मध्यक वेग निघाला ताशी सुमारे ४८ किमी, आणि धडकेच्या क्षणीचा सुमारे ३५ किमी. शहरातला रोजचा वेग. ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले, रीतसर प्रशिक्षण नसलेले. ऐन वेळी बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

आणखी एक नोंद इथे फार कामाची आहे. निम्म्याहून जास्त चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता, जरी रस्त्यावरचा एकूण अनुभव सरासरी तीन वर्षांच्या जवळ होता. म्हणजे गाडी बदलली की हात पुन्हा कच्चा होतो. अभ्यास जुना आहे, गाड्या आणि रस्ते बदललेत, पण हाताचं हे वागणं बदललेलं नाही. समोरून कोणी अचानक वळलं तर तुमचा संयम कामी येत नाही, पुढच्या ब्रेकवरची बोटं कामी येतात. ती बोटं तयार व्हायला सौम्य गाडी हवी.

माझा हात कितपत तयार आहे, हे कसं ओळखू?

किती वर्षं चालवतो यापेक्षा काय करता येतं ते पाहा. मोकळ्या, रिकाम्या जागेत, हेल्मेट, जॅकेट, बूट असा रायडिंगचा पूर्ण गिअर अंगावर घालून, सध्याच्या गाडीवर हे करून बघा. सहा-सात मीटर रुंदीत पाय न टेकवता पूर्ण यू-टर्न, दोन्ही बाजूंना. ताशी ४० वरून चाक न घसरवता झपकन थांबणं, पुढच्या ब्रेकवर भर देऊन आणि दाब एकदम न टाकता वाढवत नेऊन. त्याच वेगात ब्रेक न लावता एखादा अडथळा चुकवून पुन्हा आपल्या रेषेत येणं. गिअर खाली टाकताना मागचं चाक न झटकता क्लच सोडणं.

यातलं बरंच अडत असेल, किंवा गिअरची गाडी चालवलीच नसेल, तर आधी प्रशिक्षण घ्या आणि लहान गाडीपासून सुरू करा. साधी रोजची गाडी काही वर्षं चालवून यातलं बहुतेक जमत असेल, तर ३०० ते ५०० सीसीचं घराणं तुमच्यासाठी आहे. हे सगळं सहज जमतं आणि वळणात मान वळवून पुढे बघण्याची सवयही पक्की आहे, तर ६५०-७०० च्या दोन सिलिंडरच्या गाडीचा विचार करायला हरकत नाही.

एक गोष्ट नक्की तपासा: उजवीकडे वळायला वेगात तुम्ही हँडलला काय करता? ताशी ३०-४० च्या वर उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झुकते. हे सगळेच नकळत करतात. जाणीवपूर्वक करता आलं की अडथळा चुकवणं अर्ध्या वेळात होतं. स्पोर्ट बाईक या इशाऱ्याला फार पटकन उत्तर देते, म्हणून घ्यायच्या आधीच हे हातात बसवा.

मग कोणत्या गाड्या बघू?

प्रत्येक देशात मिळणारी मॉडेलं वेगळी, त्यामुळे नावांपेक्षा स्वभाव लक्षात ठेवा.

कावासाकी निंजा ४००, २०१८ मध्ये आली तेव्हापासून पहिल्या स्पोर्ट बाईकसाठी माझी पहिली पसंती तीच. दोन सिलिंडर, ३९९ सीसी, वजन १७० किलोंच्या आत, सीट ७८५ मिमी. क्लच हलका, गाडी बघताक्षणी समजते. २०२४ पासून बऱ्याच बाजारांत तिची जागा ४५१ सीसीच्या निंजा ५०० ने घेतली. यामाहा आर३ ताकदीत थोडी मागे, पण अतिशय सरळ आणि समतोल, सीट ७८० मिमी. केटीएम आरसी ३९० एका सिलिंडरची, ३७३ सीसी. खालून जोर चांगला आणि वळणात ती या गटातली सर्वांत तीक्ष्ण, पण थरथर जास्त आणि सीट ८२० मिमीच्या वर. ज्याला वळणांचीच ओढ आहे त्याने बघावी, लांबच्या सरळ रस्त्याच्या माणसाने आधी दुसऱ्या बघाव्यात.

होंडा सीबीआर५००आर वजनाने १९० किलोंच्या पुढे आहे, पण ४७ हॉर्सपॉवर इतकी गुळगुळीत देते की दमायला होत नाही. शर्यतीचा थाट कमी, वर्षानुवर्षं टिकणं जास्त. एप्रिलिया आरएस ४५७ नवी आहे, हलकी आहे, इलेक्ट्रॉनिक्स भरपूर. घ्यायच्या आधी तुमच्या जवळ तिचं सर्व्हिस सेंटर आहे का ते पाहा.

त्यावरच्या पायरीवर निंजा ६५० आणि यामाहा आर७. इंजिन दोन्हींची मवाळ, पण आर७ चं हँडल चांगलंच खाली आणि सीट ८३५ मिमी आहे. बसून बघितल्याशिवाय ठरवू नका.

युरोपातल्या ए२, म्हणजे मधल्या ताकदीच्या गाड्यांच्या लायसन्सची मर्यादा इथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते: ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर, आणि दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. तुमच्याकडे असा नियम नसला तरी, वरच्या सगळ्या कसोट्या सहज जमणारे सोडले तर, पहिल्या गाडीसाठी हीच रेघ मानावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठी गाडी घेऊन तिची ताकद रिस्ट्रिक्टरने कमी केली तर?

कायद्याच्या दृष्टीने काही ठिकाणी चालतं. पण वजन, सीटची उंची, ब्रेकचा कडकपणा, विमा आणि टायरचा खर्च मोठ्या गाडीचाच राहतो. आणि रिस्ट्रिक्टर ज्या दिवशी काढाल त्या दिवशी गाडी पुन्हा अनोळखी होते.

माझी उंची कमी आहे. दोन्ही पाय टेकायलाच हवेत का?

दोन्ही तळवे सपाट टेकणं गरजेचं नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले, किंवा एक पाय पूर्ण टेकून गाडी स्थिर धरता आली, तर पुरे. सीटची उंची कागदावर बघून फसायला होतं, कारण सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो आणि ८२० मिमीची सीटही ७९० च्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटते.

शोरूममध्ये नेहमीचे रायडिंग बूट घालून बसा. गाडी स्टँडवरून उचला, बसल्या बसल्या मागे ढकला, थोड्याशा उतारावर तेच करून बघा. मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. पूर्ण वळल्यावर अंगठा टाकीला चेपतो का, कोपरं ताणली जातात का? उंच माणसांनी गुडघे टाकीच्या खोबणीत बसतात का तेही पाहावं. गाडी खाली करून घेण्याची घाई करू नका. त्याने सस्पेन्शनचा आणि वळण्याचा स्वभाव बदलतो, वळणात खालचा भाग लवकर घासतो.

एकूण पैशांतून गाडीवर किती घालावेत?

हातात जितके पैसे आहेत त्यांचे चार भाग करा आणि गाडीवर, नोंदणी व कर धरून, तीनपेक्षा जास्त घालू नका. चौथा भाग हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बूट, पहिल्या वर्षाचा विमा आणि प्रशिक्षण यांचा. पैसे कमी असतील तर गाडी खालची घ्या, गिअर खालचा घेऊ नका.

त्यानंतरचा खर्च आधीच विचारून ठेवा. विमा कंपन्या स्पोर्ट गाड्यांना वरच्या गटात धरतात, आणि नवख्या, तरुण चालकाला त्याहून वर. म्हणून गाडी पक्की करण्याआधी दोन-तीन मॉडेलांचे विम्याचे आकडे मागवा. कित्येकांची निवड इथेच बदलते. टायर हा दुसरा मोठा खर्च. सुपरस्पोर्टचा १८० मिमीचा मऊ मागचा टायर लवकर झिजतो आणि महाग असतो, लहान गाड्यांचे १४० ते १५० मिमीचे टायर स्वस्त आणि टिकाऊ. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, ऑइल हे चालूच असतं. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १६ व्हॉल्व्ह, त्यांची क्लिअरन्स, म्हणजे ठरलेली फट, तपासायची तर मजुरीच भरपूर.

आणि पडण्यासाठी वेगळे पैसे ठेवा. पहिल्या वर्षी गाडी उभ्या उभ्या आडवी पडणं अगदी नेहमीचं आहे. फेअरिंग असलेल्या गाडीत एवढ्याशा पडण्याने पॅनल, आरसा, लिव्हर आणि इंडिकेटर एकदम जातात. गाडी बघतानाच या चार सुट्या भागांच्या किमती काउंटरवर विचारा.

गिअरमध्ये काय बघायचं?

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं. आजचं युरोपीय प्रमाण ईसीई २२.०६ आहे, त्याचं लेबल किंवा तुमच्या देशात मान्य असलेलं प्रमाण असायला हवं. मापाला महागाईपेक्षा जास्त महत्त्व द्या. नवं हेल्मेट गालांवर घट्ट बसावं, डोकं हलवलं तर कातडीसकट हलावं आणि कपाळावर एकाच जागी टोचू नये. सेकंड हँड हेल्मेट घेऊ नका. आतलं थर्मोकोलसारखं अस्तर एकदा चेपलं की त्याचं काम संपतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

जॅकेट-पँटसाठी ईएन १७०९२ या प्रमाणात ए, एए आणि एएए अशा चढत्या पायऱ्या आहेत. स्पोर्ट रायडिंगला निदान एए. खांदे, कोपरं, गुडघे आणि पाठ यांच्या पॅडवर ईएन १६२१ असं लिहिलेलं असतं, पाठीचं पॅड बऱ्याच जॅकेटांत नुसतं स्पंजाचं निघतं, ते बदलून घ्या. पडताना हात आधी टेकतात, म्हणून ग्लोव्हजच्या तळव्यावर कडक स्लायडर बघा. बूट घोट्याच्या वर जाणारे.

नवी घ्यावी की सेकंड हँड?

गाड्यांची माहिती असलेला, विश्वासाचा माणूस बरोबर येत असेल तर दोन-तीन वर्षं जुनी गाडी. किमतीची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, आणि पहिला ओरखडा तुमच्या हातून पडला तरी जीव तुटत नाही. असा माणूस नसेल आणि परवडत असेल तर नवी घ्या. फसलेल्या जुन्या गाडीचा खर्च नव्याच्या हप्त्यांना मागे टाकतो.

सेकंड हँड गाडी बघायला गेल्यावर काय काय तपासू?

आधी मालकाला सांगून ठेवा की गाडी थंड असतानाच बघायची आहे. पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं का, धूर येतो का, खडखड होते का हे कळणारच नाही. मग थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

स्पोर्ट बाईकचा पूर्वेतिहास टोकांवर लिहिलेला असतो. हँडलची टोकं, क्लच-ब्रेक लिव्हरची टोकं, फूटरेस्टची बाहेरची कड, सायलेन्सरचा तळ, इंजिनाची बाजूची झाकणं. एकाच बाजूला हलके ओरखडे असतील तर उभ्याने पडली असेल. सगळीकडे लांब घासल्याच्या रेघा असतील तर वेगात घसरली आहे. फेअरिंग नवंकोरं आणि लिव्हर घासलेले, किंवा उलट, असं दिसलं तर पॅनल का बदलले ते विचारा. आता हँडल पूर्ण वळवा आणि फ्रेमच्या गळ्यापाशी जिथे ते अडतं ते स्टॉपर बघा. तिथे डेंट, वाकलेपण किंवा रंग उडालेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

पुढचं चाक हवेत उचलून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर स्टीअरिंगचे बेअरिंग गेले. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं कडं, गंजाचे ठिपके किंवा खड्डे नकोत. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा, आणि कडेला उंचवटा झालाय का बोटाने पाहा. स्प्रॉकेटचे दात लाटेसारखे एका बाजूला झुकले असतील तर पूर्ण किट बदलावं लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो.

गाडी ट्रॅकवर चालली आहे का हे ऑइलच्या बोल्टवरून कळतं. त्याच्या डोक्याला आरपार बारीक भोक असेल तर तिथे शर्यतीच्या नियमाची सेफ्टी वायर बांधलेली होती. ट्रॅकवर गेलेली प्रत्येक गाडी खराब नसते, बऱ्याच फार निगुतीने ठेवलेल्या असतात. पण मालकाने ते आपणहून सांगितलं नसेल तर बाकीचंही त्याने लपवलं असेल असं धरून चला.

शेवटी कागद. फ्रेमवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून कागदाशी ताडा. कर्ज फिटल्याचा पुरावा मागा. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का पाहा, आणि गुळगुळीत झालेले फूटरेस्टचे रबर पाच हजार किमीच्या मीटरशी जुळतात का हेही.

एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, क्विकशिफ्टर: यातलं काय हवंच?

एबीएस हवंच, यात तडजोड नको. घाबरून मूठ आवळली तरी चाक लॉक होऊ न देणं हे ते करतं, आणि नवखा माणूस घाबरून मूठ आवळतोच. युरोपात १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते २०१६-१७ पासून सक्तीचं आहे. साधं एबीएस मात्र सरळ रेषेसाठी आहे. गाडी वळणात झोपलेली असताना ते तुम्हाला पूर्ण वाचवेल असं समजू नका, त्यासाठी झुकाव मोजणारं कॉर्नरिंग एबीएस वेगळं असतं.

स्लिपर क्लच असेल तर चांगलं, घाईत गिअर खाली टाकला तर मागचं चाक उड्या मारत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जोराने फिरून घसरू न देणारी सोय, ४०-५० हॉर्सपॉवरला ओल्या रस्त्यावर उपयोगी, पण त्यासाठी गाडी बदलण्याइतकं नाही. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर पहिल्या वर्षी नसलेला बरा. क्लच आणि थ्रॉटलचा मेळ हातात बसू द्या.

रोज कामाला जायला ही गाडी चालेल का?

चालेल, पण कोणती त्यावर आहे. निंजा ४०० चं हँडल फोर्कच्या वरच्या क्लॅम्पच्याही वर बसवलेलं असतं, त्यावर तासभर सहज निघतो. हँडल क्लॅम्पच्या खाली असलेल्या गाडीवर गर्दीत मनगटं आणि मान भरून येतात. मनगटं दुखत असतील तर तुम्ही हातांवर रेलताय. गुडघ्यांनी टाकी धरा, वजन पोट आणि पाठीवर घ्या, हात सैल सोडा. मागे रोज कोणाला बसवायचं असेल तर त्या व्यक्तीला घेऊनच गाडी बघायला जा. मागची सीट लहान आणि उंच असते, आणि त्यावर बसून बघितल्यावर ती व्यक्ती जे सांगेल ते मनावर घ्या.

सायलेन्सर आणि बाकी बदल कधी करावेत?

पहिल्या वर्षी पैसे दिसण्यावर घालू नका. लिव्हर बोटांच्या मापाला लावून घ्या, मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीचा ताण, वजनाप्रमाणे करून घ्या आणि कंपनीचे टायर साधारण असतील तर चांगले टायर टाका. फेअरिंग वाचवणारे स्लायडर पहिल्याच दिवशी बसवा. सायलेन्सर बदलल्याने लहान इंजिनात ताकद नगण्य वाढते, आवाज मात्र शेजाऱ्यांपर्यंत जातो.

मोठ्या गाडीकडे कधी जावं?

किलोमीटरचा किंवा वर्षांचा ठरलेला आकडा नाही. आहे ती गाडी वळणातून बाहेर पडताना पूर्ण थ्रॉटलवर न घाबरता चालवता येते, अचानक ब्रेक लावायची वेळ आली तेव्हा हात आपसूक बरोबर वागला, आणि पावसात, रात्री, अनोळखी रस्त्यावरही तुम्ही वेग योग्य ठेवता, असं झालं की मग बघा. एखादा ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर सरावाचा दिवस, प्रशिक्षकाबरोबर आधी करा. अनेकांना तिथे कळतं की आपल्या गाडीत अजून बरंच शिल्लक आहे. मित्रांच्या गाड्या मोठ्या झाल्या हे कारण धरू नका.

गाडी घरी आणल्यावर पहिले काही आठवडे काय सांभाळू?

नवे टायर गुळगुळीत असतात. पहिले १५० किमी तरी गाडी वळणात कमी झोपवा, थ्रॉटल आणि ब्रेक मऊ ठेवा, झुकाव हळूहळू वाढवत न्या. नवे ब्रेक पॅडही डिस्कवर बसायला वेळ घेतात, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन बसण्याच्या, काळात पुस्तिकेत दिलेली आरपीएमची मर्यादा पाळा आणि एकाच वेगात तासन्‌तास चालवू नका. पहिली सर्व्हिस बहुधा १००० किमीच्या आसपास असते, ती टाळू नका, कारण पहिल्या ऑइलमध्ये इंजिनाचा बारीक कीस उतरलेला असतो.

नवी चेन लवकर सैल पडते. ५०० किमीला ढील मोजा, पुस्तिकेतल्या मापाशी ताडा आणि चेन लुब्रिकेट करा. टायरची हवा दर आठवड्याला, गाडी थंड असताना तपासा. आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास रिकाम्या जागेत तोच यू-टर्न आणि तेच ताशी ४० वरून थांबणं, या गाडीवर पुन्हा पहिल्यापासून.